चौकटीवरची बोटं

विद्यापीठातल्या ज्यू इतिहासावरच्या व्याख्यानमालेचं शेवटचं पुष्प एकदाचं संपलं. आठवडाभर सभागृहाच्या दाराशी किल्ल्या घेऊन बसून ‘परंपरा’ हा शब्द ऐकून माझे कान किटले होते. रोज येणाऱ्या बेने इस्राएल सारामावशी उठल्या आणि निघताना त्यांनी दाराच्या चौकटीला बोटं लावून ओठांशी नेली. ज्यू घरांत तिथे प्रार्थनेची डबी ठोकलेली असते. इथे नुसतं रंग उडालेलं लाकूड होतं.

“मावशी, इथे काही नाहीये.”

“ठाऊक आहे रे. घरी तरी कुठे आहे? मुलगा इस्राएलला जाताना काढून घेऊन गेला. हाताला कोण समजावणार?”

माणूस थकतो, पण शिकलेलं सोडायचं कसं, हे हाताला कुणी शिकवलेलं नसतं. मी दिवे घालवले, कुलूप लावलं आणि ते लागलंय हे ठाऊक असूनही पुन्हा ओढून पाहिलं.