झाडावरची वाकलेली रेघ

शारजाच्या रोल्ला बाजारातून आणलेल्या नव्या तांदळाचा कुकर उघडला आणि त्या वासाने मला थेट माझ्या तिथल्याच पहिल्या ऑफिसातल्या पँट्रीत नेऊन बसवलं.

माझ्या शेजारच्या टेबलावर मेई बसायची, चीनची. शाळेला सुट्टी असली की ती मुलीला सोबत आणायची आणि लंच ब्रेकमध्ये पँट्रीत बसून तिच्याकडून चिनी अक्षरं गिरवून घ्यायची. त्या दिवशी अक्षर होतं 禾.

"झाड काढलंय का?" मी विचारलं.

"झाडाच्या अक्षरावर ही एक तिरकी रेघ जास्त आहे," मेई म्हणाली. "दाणा भरला की लोंबी अशी वाकते ना, ती ही. हे शेतात उभं असलेलं पीक."

मी बघतच राहिले. वसईला दिवाळीच्या आधी आमचं भात अगदी असंच वाकतं.

मुलगी मात्र कंटाळली होती. "मॉम, इट्स जस्ट राइस."

मेईने पेन्सिल परत तिच्या हातात दिली. "शेतातलं वेगळं, पोत्यातलं वेगळं, वाटीतलं वेगळं. तिन्ही शब्द तुझे आहेत. लिही."

तेव्हा मला ती फार कडक वाटली होती. पोरीला आधी जेवू तरी दे, असं मनात आलं होतं.

आज अजमानच्या या घरात माझ्या रियाने ताट पुढे केलं. "मम्मी, राइस प्लीज."

डाव माझ्या हातातच राहिला. "शेतात भात, पोत्यात तांदूळ, ताटात भात. म्हण."

"इट्स ऑल द सेम, मम्मी. आय ॲम हंग्री."

"सेम नाहीये," मी म्हटलं आणि कुकरवर झाकण ठेवलं.