म्हशीनं दिलेला पाय

पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत केरूची लेक आवडी सगळ्यांत बुटकी. डोकं लहान, करंगळ्या अर्ध्याच. कुणी विचारलं की केरू आधी घसा खाकरायचा, मग हात उंचावून सुरू व्हायचा, "ही पोटात आसताना हिच्या आयशीनं भर गिराणात भोपळा चिरलान. वर चंद्र काळा, खाली हिची विळी. गेली ना पोरीची बोटं."

ऐकणारे आवडीच्या आयशीकडे, बयाबाईकडे बघायचे. बयाबाई म्हशीकडे बघायची. वाडीतल्या लग्नात बायका भाजी चिरायला बसल्या की तिच्या हाती हंडा यायचा, विळी कधीच नाही.

आवडी बापाचीच. त्याच्या खांद्यावर बसून शाळेत गेली, आयशीला "भोपळेवाली" म्हणायलाही त्याच्याकडूनच शिकली. दिवस गेले तेव्हा नवऱ्याला, सुनीलला, तिनं आयशीदेखत बजावलं, "बाळंतपण माहेरीच. पण आयचा हात माझ्या पोराला लागायचा नाय."

सुनीलनं तिला तपासायला महाडला नेलं. डॉक्टर निशिगंधांनी बोटं पाहिली, रक्त तपासलं आणि पुढच्या खेपेला आईवडिलांनाही बोलावलं.

"पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू असतात, बरं का." डॉक्टरांचा एकेक शब्द इस्त्री केलेला. "मुकादम म्हणा ना. स्वतः वीट उचलत नाहीत, कुठलं काम आवरतं घ्यायचं ते सांगतात. पोटात हाडं घडताना त्यांचा एक गट फार लागतो. तो घडवणाऱ्या जनुकाच्या तुकड्याच्या दोन प्रती हव्यात, आवडीकडे एकच आहे. ही उणीव बाळात उतरेल किंवा नाही, निम्मं-निम्मं. ग्रहणाचा काही संबंध नाही. कधी हे नव्यानंच घडतं, कधी आईकडून नाहीतर वडिलांकडून येतं. हात दाखवा बघू."

बयाबाईनं हात पसरले. लांबसडक बोटं. केरूनं मुठी मिटल्या, तरी आखूड करंगळ्या दिसल्याच.

"माझं काय बघता? ल्हानपणी म्हशीनं पाय दिलान."

"दोन्ही करंगळ्यांवर? अगदी सारखाच?"

"म्हैस शिस्तीची व्हती," सुनील पुटपुटला.

डॉक्टरांनी केरूला चप्पल काढायला लावली. पायाची दोन बोटं एकमेकांना जुळलेली. आवडीचीही तशीच. चिखलात राबून चिकटतात, असं बा सांगायचा, आणि तिनं कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"आज्याचीबी अशीच व्हती," केरू जमिनीला सांगितल्यासारखं बोलला.

"मग माझ्या बोटांना आयचं नाव का लावलंस?" आवडीनं विचारलं.

"कुणाचं तरी लागतंच गो. घराण्याचं लागलं आसतं तर तुला सून कोण करून घेता?"

एसटी स्टँडवर केरू चार वडापाव घेऊन आला. कागदावर तेल पसरत गेलं, कुणी हात लावला नाही. आवडी आयशीजवळ सरकली.

"तुला ठाव व्हतं?"

"त्याचे पाय काय आज बघितले?"

"मग बोलली का नायस?"

"तू ऐकली आसतीस?"

आवडीनं मान खाली घातली. "आय, बाळंतपणाला तू हायस ना?"

पोलादपूरची गाडी लागली होती. बयाबाईनं पिशवी उचलली.

"माझा हात लागायचा नाय म्हनली व्हतीस. बाला सांग. त्याचा चालतो तुला."