हळदीचे पाहुणे

आणीबाणीत मी सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. दादा, माझा थोरला भाऊ, गिरणीत कामगारांची संघटना चालवायचा. त्याला मिसाखाली घरातून उचललं. आरोप नाही, खटला नाही. गावातल्याच तुरुंगात आहे, एवढाच काय तो दिलासा. वहिनी पलूसच्या शेतकरी घरातली. भेटीच्या दिवशी भाकरी बांधून न्यायची आणि पुष्कळदा भेट न मिळाल्यानं तशीच परत आणायची.

हळद खरेदी करायला परदेशी पाहुणे येणार असं ठरलं आणि बाजारातल्या भिंती चुन्यानं पांढऱ्या झाल्या. मला दुभाषी म्हणून सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. नाही म्हणायची सोय नव्हती. त्याच आठवड्यात वहिनी तुरुंगावरून रिकाम्या चेहऱ्यानं परतली. दादाला आणि त्याच्यासोबतच्या साऱ्यांना दूरच्या तुरुंगात हलवलं होतं.

"पावणं येणार म्हणून न्हेलं म्हणं," ती उंबऱ्यातच बसली. "वन्सं, तुमी त्येंच्यासंगं बोलणार न्हवं? मग ह्यांचं सांगा की. भाईरच्या मानसांनी इचारलं की सरकारला ऐकावं लागतंय, असं हेच म्हणायचे."

दादा खरंच तसं म्हणायचा. रात्री रेडिओला कान लावून परदेशी बातम्या ऐकायचा.

पाहुण्यांना हरिपूरला नेलं. तिथं हळद जमिनीखालच्या खोल पेवांत साठवतात. पेव उघडलं, की आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते. मग दोरीनं कंदील सोडतात. तो विझला नाही तरच माणूस उतरतो. खरेदीदार वयस्क होता, मऊ बोलायचा. कंदील खाली जाताना त्यानं मला विचारलं, "आत हा माणूस गुदमरला तर? याची काळजी कोण घेतं?"

त्याच्या डोळ्यांत खरंच काळजी होती. मी आवाज न बदलता इंग्रजीतच म्हणाले, "माझा भाऊ विनाचौकशी कोंडलेला आहे. परवापर्यंत इथून दोन-तीन मैलांवर होता. तुम्ही येणार म्हणून त्याला हलवलं. तुम्ही नुसतं विचारलंत तरी फरक पडेल."

तो थबकला. त्यानं सोबतच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. तरुण अधिकारी मला जरा बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाई, आम्हाला सगळं माहीत आहे. सुरुवातीला आमच्या सरकारनं नाराजी कळवलीही होती. पण आता व्यापाराची बोलणी रंगात आली आहेत, आमचे मंत्रीही दिल्लीला येणार आहेत. या दिवसांत तो विषय काढायचा नाही, असं आम्हाला सांगितलंय." मग म्हणाला, "मला वाईट वाटतं." त्याला वाटतही असावं.

खरेदीदारानं त्यानंतर माझ्याकडे पाहिलं नाही. हळदीचं कांडं मोडून त्याचा रंग बघत राहिला. सौदा झाला, हार घातले गेले, आणि भाषणात त्यानं इथल्या शिस्तीचं कौतुक केलं. त्याचं मराठी मलाच करावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी वहिनी वाट बघत होती. "सांगितलं न्हवं?"

"सांगितलं."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. चुलीवरचं आधण उतरवलं आणि परसात गेली ती बराच वेळ आलीच नाही.

निवडणुकीच्या सुमाराला दादा सुटला. त्याला दम लागायचा, दार लावलेल्या खोलीत बसवत नसे. एके दुपारी त्यानं त्या पाहुण्यांचं विचारलं. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?"

"हो."

"आत मी पोरांना सांगायचो, बाहेरच्यांना कळलं नाही म्हणून गप्प आहेत. कळलं की बोलतील."

एवढं बोलून तो अंगणात जाऊन उभा राहिला. गिरणीच्या फाटकाकडे तो पुन्हा कधी गेला नाही. वहिनी त्याला पलूसला घेऊन गेली. तिथं सासऱ्याच्या रानात तो दिवसभर बांधावर बसून असायचा. गिरणीतले जुने सोबती भेटायला यायचे. तो त्यांना चहा पाजायचा, पोराबाळांची चौकशी करायचा. संघटनेचं नाव निघालं, की उठून बैलांना वैरण टाकायला जायचा.