सुमनचा कोरा चहा

शेवटचा चहा आम्ही नवरा-बायकोनं ओट्यावर बसून घेतला. माझा दुधाचा, सुमनचा कोरा. "उठते आता, कांदा काढायला बाया यायच्या," म्हणाली, खांबाला धरून उठली आणि मांडीत कडकन वाजलं. पाय घसरला नाही, कुठं आदळली नाही. नुसती उठली… आणि खाली बसली ती बसलीच. खुबा मोडला होता. पुढं ऑपरेशन, मग न्यूमोनिया. सव्वा महिना झाला तिला जाऊन. अजून कोणी बाई जमिनीवरून उठायला लागली की माझ्या छातीत धडधडतं.

मी चौथी शिकलेला माणूस, सरळ लिहितो. दारात दोन म्हशी. दूध डेअरीला, नातवंडांना, माझ्या चहाला. ती मात्र दिवसाला सात-आठ कप कोरा चहा प्यायची. सकाळी भाकरीच्या जागी चहा, वावरात भूक लागली की चहा, उपासाला तर चहाच. मला वाटायचं, हिला आवडतो.

दोन वर्षांमागं पाठ धरली म्हणून तिला जुन्नरला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, दूध-दही घेता का?" ती तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "घरात दोन म्हशी हायेत, डॉक्टर. दुधाला काय तोटा?" त्यांनी दुखायच्या गोळ्या लिहून दिल्या. एसटीत बसल्यावर सुमन म्हणाली, "अवं, म्हशी हायेत खऱ्या, पण माझ्या कपात कवा आल्या?" मी मोठ्यानं हसलो. शेजारचा पावणाही हसला…

ऑपरेशनच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. हाड विरळ, धुऊन धुऊन झिजलेल्या लुगड्यासारखं. म्हणाले, "बाबा, नुसत्या चहानं हाड मोडत नाही. पण पाळी गेलेली बाई, दूध नाही, धड जेवण नाही, वर एवढा चहा. हाड टिकायचं कशावर?"

परवा लेक लता सासरहून, आळ्याहून आली. दुपारपर्यंत तिचा तिसरा कोरा चहा. कमरेवर हात ठेवून हसत म्हणाली, "आण्णा, लई दुखती कंबर. आईवरच गेलीय मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हाडं तपासायला घेऊन निघालो. एसटीची पायरी चढताना तिचा दंड घट्ट धरला.

"सोडा की आण्णा! मी काय म्हातारी हाय? लोकं बघत्यात."

मी सोडला नाही.