दादाने बसवून दिलेला कॉम्प्युटर

ताई शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं घरी बसून तपासायची. वय सेहेचाळीस. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले त्याला सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून तिचं जग दोन खोल्यांचं होतं. आत बाबांची खाट, बाहेर टेबल, आणि टेबलावर दोन वर्षांपूर्वी दादाने आणून, स्वतः जोडून दिलेला कॉम्प्युटर.

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. दूरच्या शहरात असायचा, घरी क्वचितच यायचा, पण फोन मात्र नेमक्या वेळी करायचा. तिचा गुडघा दुखायला लागला, त्याच आठवड्यात त्याने गुडघ्याला बांधायचा पट्टा पाठवला. दुसऱ्या गावातल्या एका प्रकाशनाकडे नोकरीचा अर्ज लिहून ती पाठवू की नको करत बसली होती, तर संध्याकाळी त्याचा फोन.

"तू कुठे जायचा विचार करत नाहीयेस ना? बाबांना तुझ्याशिवाय कोण आहे?"

तिने अर्ज पाठवला नाही. पण राग आला नाही. उलट बरंच वाटलं. दादाला न सांगता सगळं कळतं, असं ती लोकांना कौतुकाने सांगायची.

मग कॉम्प्युटर रखडायला लागला. एक पान उघडेपर्यंत बाबांना कुशीवर वळवून येता यायचं. तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो पाय मोडून घरी पडलेला.

"मला येता येणार नाही, पण तोंड शाबूत आहे," तो म्हणाला. "मी सांगतो, तुम्ही हात चालवा."

त्याने तिला चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडायला लावली. ती एकेक नाव वाचत गेली आणि एका ठिकाणी अडली.

"हे प्रिंटरचं दिसतंय. पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर गळलंय."

"तुमच्याकडे प्रिंटर आहे?"

"नाही."

"आधी इंटरनेटची वायर काढा."

तिने वायर काढली. तो प्रोग्राम बंद केला, तर दोन सेकंदांत पुन्हा हजर. तिने परत बंद केला, तो परत आला.

"याचा जोडीदार असणार. एकाला बसवलं की दुसरा त्याला उठवतो," दुरुस्तीवाला म्हणाला. मग त्याने मशीन सेफ मोडमध्ये सुरू करायला सांगितलं, म्हणजे दोघेही झोपलेलेच राहतील. शोधता शोधता त्या प्रोग्रामचं फोल्डर सापडलं.

"काय आहे त्यात?"

"चित्रं आहेत. हजारो."

ती तिच्याच स्क्रीनची चित्रं होती. दर दहा मिनिटांनी एक, नावात तारीख आणि वेळ. तिने एक उघडलं: भूगोलाचं पान, त्यावर तिच्याच लाल खुणा. दुसऱ्यात तो नोकरीचा अर्ज. तिसऱ्यात गुडघेदुखीवरचे उपाय. आणि एका दुपारच्या चित्रात चार ओळी, ज्या तिने लिहून लगेच पुसून टाकल्या होत्या. 'मी फार थकलेय. कधी कधी वाटतं, बाबा सुटले तर बरं. असं वाटणारी मुलगी कसली.' कुणी वाचू नये म्हणून पुसलेल्या त्या ओळी तिथे जशाच्या तशा होत्या.

"ताई, आहात ना?"

"आहे."

"तिथेच एखादी छोटी फाइल असेल. चित्रं कुणाला जातात ते कधी कधी त्यात लिहिलेलं असतं."

फाइल होती. त्यात दादाच्या ऑफिसचा ईमेल पत्ता होता.

तिने तो अक्षर न् अक्षर तपासला. चूक नव्हती.

"कोण ते कळलं का?"

"हो."

त्याने नाव विचारलं नाही. "काढलंत तर चित्रं जायची थांबतील आणि त्या माणसाच्या लक्षात येईल. काढायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

आतून बाबांनी पाण्यासाठी आवाज दिला. तिने चमच्याने पाणी पाजलं, हनुवटी पुसली आणि परत येऊन फोन कानाला लावला.

"काढू या."

पुढचा तासभर तो सांगत गेला, ती पुसत गेली. फोल्डर, मग ठरल्या वेळी प्रोग्रामला जागं करणारी नोंद, मग रजिस्ट्रीतल्या, म्हणजे मशीनच्या आतल्या नोंदवहीतल्या, ओळी. तिथे त्याने प्रत्येक ओळ दोनदा वाचून घेतली. भलती ओळ गेली तर मशीनच बसेल म्हणाला. शेवटी मशीन पुन्हा सुरू केलं. यादीत ते नाव नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. "कॉम्प्युटर बिघडलाय का?"

"नाही. आता छान चालतोय."

"हे बघ, तुम्ही दोघंच असता तिथे. काळजीपोटीच केलं मी."

"मी थकल्याचं लिहिलं होतं. ते वाचलंस?"

"वाचलं."

"मग आला का नाहीस?"

पलीकडे कुणाचे तरी बोलण्याचे आवाज येत होते. "नंतर बोलतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

त्याबद्दल तो नंतर कधी बोलला नाही. महिन्याकाठी फोन करायचा, बाबांची औषधं विचारायचा आणि ठेवून द्यायचा. तिला त्याचा राग यायचाच, पण त्याहून जास्त त्या जुन्या फोनांची आठवण यायची, आणि तशी ती येते म्हणून स्वतःचाही राग यायचा.

सहा महिन्यांनी तिला ताप भरला. दोन दिवस ती भिंत धरून आतबाहेर करत राहिली; न सांगता कळणारं आता कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने शेजारच्या काकूंचं दार वाजवलं.

"मला बरं नाही. बाबांना वळवायला कुणीतरी हवंय."

"अगं, दोन दिवस काय करत होतीस मग?" म्हणत काकू चपला न घालताच आल्या. त्या दिवसापुरतं निभावलं. उद्यापासून काकू लेकीकडे जाणार होत्या, आठ दिवसांसाठी. मग दुसरं कुठलं तरी दार तिलाच वाजवावं लागणार होतं.