सॅम्युएल काकांनी सोडलेलं डीकनपद

सॅम्युएल काका आमच्या चर्चमधले सगळ्यात तापट माणूस होते.

आज पहाटे ते गेले. आणि मला सकाळपासून त्यांचा रागच आठवतोय, म्हणून लिहितेय.

नवीन पनवेलमधलं आमचं चर्च छोटं. भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, महिन्यातून एकदा उपासनेनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण.

काका तिथे डीकन. म्हणजे मंडळीची सेवा करायला निवडलेले. खुर्च्या मांडायच्या, आजारी माणसांना भेटायचं, पंगतीत वाढायचं.
कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले होते. कामात एक नंबर. तोंड मात्र सुपरवायझरचंच राहिलं होतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जेवणाच्या रविवारी सुगंधा आली होती. नेऱ्याकडच्या वाडीवरची, वीटभट्टीवर काम करणारी. नुकतीच यायला लागली होती. सोबत छोटी लेक.
जेवण झाल्यावर तिने आजारी सासूसाठी थोडा भात पिशवीत घेतला.

काका सगळ्यांसमोर ओरडले, "ए बाई! हे हॉटेल आहे का? पार्सल मिळत नाही इथे!"



सुगंधाने भात परत पातेल्यात ओतला. लेकीला उचललं आणि निघून गेली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग एका रविवारी पास्टर announcements करत असताना काका उभे राहिले.
"मी वाढलेलं अन्न कोणाच्या घशाखाली उतरत नसेल, तर मी कसला सेवक? मी डीकनपद सोडतोय. येत राहीन. पण मागे बसेन."

पास्टर म्हणाले, "अहो काका, एवढं काय मनावर घेताय? सॉरी म्हणा, विषय संपला."

"तुम्हाला सॉरी म्हणून काय उपयोग, पास्टर?"

दोन दिवसांनी ते वाडीवर गेले. सुगंधाचं घर मला माहीत होतं, म्हणून मला सोबत घेतलं.

ती दारातच उभी होती. काकांनी हात जोडले. "माझं चुकलं, पोरी. माफ कर."

तिने मागे उभ्या लेकीकडे पाहिलं.
मग म्हणाली, "माजी पोर इचारते, त्यो बाबा परत वरडंल का? तिला काय सांगू?"

काकांची मान खाली.
"मलाच माहीत नाही गं. सवय जुनी आहे. पण सोडायचीय."

"खरं बोललात. बसा मंग."

तिने भात आणि सुकटीची चटणी वाढली. काका जमिनीवर मांडी घालून जेवले.

सुगंधा पुन्हा यायला लागली. काका शेवटच्या रांगेत बसायला लागले.

राग लगेच गेला वगैरे नाही हं! आवाज चढायचाच. पण मध्येच थांबायचे, बाहेर जाऊन पाणी पिऊन यायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "आता सांग. मी ऐकतो."
कित्येकदा पाहिलंय मी हे. त्यांना किती जड जायचं, तेही पाहिलंय.

काही वर्षांनी नवीन डीकन निवडायचे होते. सगळ्यांनी काकांचंच नाव घेतलं.
काका म्हणाले, "आधी सुगंधाला विचारा."

सुगंधा उभी राहिली. "राग हाय अजून. पन आता गिलतात. होऊ द्या त्यांना. वरडले तर मी हाय ना!"

अख्खा हॉल हसला. सगळ्यात जास्त काका.

आज त्यांच्या घरी गेले होते. रूथ काकूंचा हात हातात घेऊन बसले. म्हटलं, "काकू, चर्चमध्ये काका किती बदलले होते ना."

काकू म्हणाल्या, "चर्चमध्ये नंतर बदलले गं. पद सोडलं ना, त्या दिवशी घरी आले आणि माझ्यासमोर बसले. म्हणाले, 'सुगंधाची माफी मागायला जायचंय. पण त्याआधी तुझी मागतो.' लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!"

डोळे पुसले त्यांनी. मग हळूच हसल्या.
"त्यानंतरची वर्षं फार छान गेली आमची."

काका, देवाच्या घरी शांत विसावा घ्या.
आम्हा सगळ्यांचा तुम्हाला प्रेमाचा निरोप.