शुक्रवारची अंबाडी

माझा नवरा एसी मेकॅनिक. उन्हाळ्यात बहारीनमध्ये त्याला जेवायला फुरसत मिळत नाही, तरी मी त्याच्यामागे एक काम लावून दिलं होतं. ज्या घरी जाशील तिथली एखादी फांदी माझ्यासाठी आणायची. मागून आणलेलं झाड रुसतं आणि चोरून आणलेलं जोमानं येतं, असं आमच्या रत्नागिरीकडे मानतात. माझा मोगरा, मनी प्लांट, कढीपत्ता, सगळा चोरीचा माल होता. मला त्याचा अभिमानही होता.

जूनमध्ये तो एका व्हिलातून दोन फांद्या घेऊन आला. "काय येडे लोक असतात," तो जेवताना म्हणाला. "हॉलची उकाड्यानं भट्टी झालेली आणि आतल्या एका खोलीत झाडांना एसी. भिंतींना चांदीचा कागद, वर दिवे. तो माणूस दारातच उभा. यल्ला, यल्ला, लवकर आटप, एवढंच बोलत होता. फोन आला म्हणून बाहेर गेला, तेवढ्यात तोडल्या."

झाडं कुलपाच्या आड कशाला ठेवतात, हे मी त्याला विचारायला हवं होतं. मी विचारलं, "मुळं धरतील ना?"

धरली. एसीचं ठिबकणारं पाणी मी बादलीत साठवते, ते त्यांना घातलं. टोमॅटो पेस्टच्या मोठ्या डब्यांत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी, दोन्ही रोपं बघता बघता भरली. हाताच्या बोटांसारखी फाकलेली पानं बघून मी जाहीर करून टाकलं, ही अंबाडी. मला सांगायला कोण लागतं? अंबाडीची भाजी खात मी मोठी झाले.

खरं सांगायचं तर रोपं मला सांगत होती. अंबाडी सरळसोट उंच जाते, ही गुडघ्याएवढी होऊन आडवीच पसरली. पानं रुंद आणि काळपट हिरवी. एक पान चावून बघितलं, आंबटपणाचा पत्ता नाही. मी म्हटलं, इथल्या पाण्यालाच चव नाही, पानाला कुठून येणार. गांजा मनात आलाच नाही असं नाही. पण आमच्या गावाबाहेरच्या बैराग्याकडे होता तो माणसाहून उंच, बारीक पानांचा. हे बुटकं, लठ्ठ झाड म्हणजे तो नव्हे, असा मी निकाल दिला. स्वतःच्या हुशारीवर माझा फार विश्वास.

श्रावणातल्या एका शुक्रवारी मी हळदीकुंकू केलं. दूध, फुटाणे आणि पाच सवाष्णी. त्यांतली एक आमच्याच तालुक्यातली, लग्न होऊन चार महिने झालेली, पलीकडे हिद्द गावात राहणारी पोर. तिचा नवरा कंपनीची बस चालवतो. तिला इथं माहेरचं कोणी नाही, म्हणून मी तिला काकू म्हणायला लावलं होतं. बाकीच्यांना स्टीलच्या वाट्या दिल्या आणि तिला वाण म्हणून दुसऱ्या रोपाचा डबा. "भाजी करू नकोस लगेच, वाढू दे," असं वर बजावलं.

ऑक्टोबरमध्ये दिवस लहान झाले आणि झाडाला तुरे आले. दाट, चिकट, बोटांना डिंकासारखे लागणारे. संध्याकाळ झाली की वास सुटायचा, कुजका आणि गोड. तो पडद्यांत बसला, मग दाराबाहेर गेला. वॉचमन लिफ्टपाशी उभा राहून नाक ओढायला लागला. मी उदबत्त्या लावत सुटले. का लावतेय, ते स्वतःलाही सांगत नव्हते.

मंगळवारी मुलीच्या शाळेत नशेच्या पदार्थांवर फिल्म दाखवली. ती घरी आली आणि दप्तर न ठेवताच झाडापुढे उभी राहिली. "आई, हे काय आहे? धिस इज वीड! गांजा!" तिनं मोबाईल माझ्यापुढे धरला. इंडिका जातीचं, तिनं वाचून दाखवलं. बुटकं, झुडपासारखं, रुंद पानं, लवकर फुलणारं, वास उग्र. एकेक शब्द आमच्या खिडकीतला होता. इथं अशा गोष्टीला माफी नसते. जेल, नाहीतर सगळ्यांचा व्हिसा खलास.

मी झाड कात्रीनं बारीक कापलं आणि संडासात थोडं थोडं करून सोडलं. हाताचा चिकटपणा साबणाला दाद देईना, शेवटी खोबरेल तेल चोळलं.

"आणि ते दुसरं?" मुलगी म्हणाली. "गो नाऊ, आई. आत्ता जा."

"फोनवर काही बोलू नको," नवरा म्हणाला. "आता धावत गेलीस तर लोक बघतील. शुक्रवारी नेहमीसारखी जा, हसतखेळत घेऊन ये." मला ते पटलं. पटायलाच हवं होतं, कारण मी घाबरले होते.

शुक्रवारी मी लाडू घेऊन हिद्दला गेले. पोरीनं दार उघडलं तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. खिडकीत डबा नव्हता. तिथल्या कट्ट्यावर गंजाचं वर्तुळ तेवढं उरलं होतं.

"काल पोलिसांची माणसं आली होती काकू," ती म्हणाली. "शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली म्हणे. डबो उचलला आणि ह्यांनाही नेलंनी. भाजीच्या झाडासाठी कोण नेतं का ओ माणसाला?"

मी लाडवांची पिशवी ओट्यावर ठेवली.

"कोणी दिलं, कोणी दिलं, सारखे विचारत होते. ह्यांनी सांगितलं, बाजारातून आणलं. मला हे आपल्या भाषेत म्हणाले, काकूंनी वाण दिलंय, त्यांचं नाव घ्यायचं नाही." ती माझ्याकडे बघत होती. "सोडतील ना उद्या?"

"इंशाल्ला," मी म्हटलं. तिनं चहा केला, तो मी प्यायले. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. घरी मुलगी आहे, तिची दहावी आहे, असं मनात घोकत मी कप रिकामा केला.

निघताना ती म्हणाली, "थांबा काकू, सवाष्णीला तसंच पाठवू नये." ती आत जाऊन हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आली. मी कपाळ पुढे केलं.